'अनडेड' नायकाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे: एक लेखिका हलकीफुलकी प्रेमकथा लिहीत आहेत. नायिका जिवंत, नायक मरून पुन्हा उठलेला, पण स्वभावाने लाघवी. इंग्रजीत अशाला 'अनडेड' म्हणतात, मराठीत काय म्हणावे? 'अमृत' आणि 'जिवंत प्रेत' हे दोन पर्याय त्यांनीच सुचवले आहेत, पण दोन्ही त्यांना खटकतात.

खटकणारच. 'अनडेड' शब्दशः संस्कृतात नेला की अ + मृत, म्हणजे 'अमृत'च हाती येते. गंमत अशी की इंग्रजीतही या शब्दाचा जुना अर्थ 'न मेलेला, म्हणजे जिवंत' एवढाच होता. मरूनही वावरणारा हा अर्थ रुजला तो मुख्यतः ब्रॅम स्टोकरच्या 1897च्या 'ड्रॅक्युला'मुळे. त्याने आधी कादंबरीचे नावच 'द अनडेड' योजले होते. इंग्रजीला तो शब्द जवळजवळ मोकळा सापडला. आपला 'अमृत' मात्र समुद्रमंथनापासून गुंतलेला आहे, तो सोडवून घेता येणार नाही.

'प्रेत' म्हणजे प्र + इत, 'पुढे निघून गेलेला'. मूळ अर्थ फार सुंदर आहे. पण हिंदीत 'प्रेत' अजून भटकते, मराठीत ते तिरडीवर निजलेले असते. त्यामागे 'जिवंत' लावले की वाचकाला आधी वास येतो, प्रेम नंतर.

माझ्या मते खरी अडचण अर्थाची नाहीच, लिंगाची आहे. भूत, प्रेत, पिशाच्च, मढे, कलेवर: सगळी नपुंसकलिंगी! 'ते भूत तिच्याकडे बघून हसलं' हे वाक्य भयकथेत चालेल. प्रेमकथेत नायकाला 'ते' म्हटले की तो माणसातून उठतो, आणि तुम्हाला तर त्याला माणसात आणायचे आहे. तेव्हा पुल्लिंगी नावे शोधू. मुंजा पोरवयाचा, त्याला प्रेमकथेत जागाच नाही. खवीस अरबी 'खबीस'वरून आलेला, म्हणजे दुष्ट. वेताळ अर्थाने सर्वांत जवळचा, कारण विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ प्रेतात शिरूनच बोलतो. पण तो भुतांचा राजा. त्याच्या नावाला जो दरारा आहे, तो हलक्याफुलक्या कथेला पेलणार नाही.

राहिला समंध, आणि माझे मत त्यालाच.

'समंध' हा 'संबंध'चाच बदललेला उच्चार. बोलीत 'माझा काय समंध?' असे आजही ऐकू येते. ज्याची इच्छा मागे राहिली, ज्याचा इथला धागा तुटला नाही, तो समंध. मरण येऊनही ज्याचा संबंध सुटत नाही अशा जिवाला आपल्या भाषेने हे नाव दिले, आणि तुमची कथा नेमकी तीच आहे. शब्दाला भीतीची छटा आहे हे मान्य. ती पहिल्या दोन प्रकरणांत उपयोगी पडेल, पुढे नायिकेला व्युत्पत्ती कळू द्या. समंधाला सहसा देह नसतो आणि तुमच्या नायकाला आहे, हा फरक कथेत एका वाक्यात सांगून टाकावा. नंतर निवेदनात सरळ 'तो' म्हणावे, दर ओळीला नाव घेऊ नये. पात्रे उलटी असतील, म्हणजे ती मेलेली आणि तो जिवंत, तर 'जखीण' पाहा. हा शब्द 'यक्षिणी'वरून आलेला आहे, 'हडळ'पेक्षा कितीतरी देखणा.

आता न विचारलेले थोडे, कारण मला राहवत नाही. मराठीत प्रेमाची आणि बाधेची क्रियापदे एकच आहेत. झपाटणे, पछाडणे, भुरळ पडणे, भारून जाणे, लागीर होणे. 'पिसे लागणे' मधला 'पिसा'ही 'पिशाच'वरूनच आला असे मानतात. एरवी आपण ही क्रियापदे जिवंत माणसाला लावतो आणि भूत विसरतो. तुमच्या कथेत दोन्ही अर्थ एकाच वेळी जागे राहतील. शिवाय कर्ता-कर्म फिरवून बघा: 'तिने त्याला झपाटले.' जिवंत मुलीने समंधाला झपाटावे, यासाठी वेगळा विनोद रचावा लागत नाही.

'जीव' मात्र जपून वापरा. जीव जडणे, जीव लावणे, जीव ओवाळून टाकणे, सगळे त्याच्या तोंडी अडखळेल, कारण तेवढेच त्याच्यापाशी नाही. पहिल्यांदा 'जीव जडला' म्हणताना तो मध्येच थांबला, तर तिथे वाचकही थांबेल.

आणि 'मेला'! 'मेलं लक्षच लागत नाही', 'हा मेला पाऊस' यांत कोणी मरत नाही, नुसता त्रागा असतो. 'मेल्या' ही तर लाडाची शिवी. नायिकेने ती सुरुवातीला मुळीच देऊ नये. तो कोण आहे हे तिला कळेल, ती घाबरेल, रुसेल, चार दिवस बोलणार नाही. मग तो उशिरा येईल तेव्हा दार उघडून तिने म्हणावे, 'मेल्या, होतास कुठे?'