आटोपशीर डेटा पुन्हा दाबावा का?

प्रश्न : बसच्या जीपीएसचे संदेश प्रोटोबफमध्ये (डेटा आटोपशीर लिहिण्याच्या एका पद्धतीत) येतात. त्यावर जीझिप (डेटा दाबून लहान करणारं साधन) लावून काही हाती लागेल का?
– एक वाचक, हिंजवडी, पुणे

उत्तर : एकेक संदेश दाबणार असाल तर नको. जीझिपचं शीर्ष आणि शेपूट मिळूनच किमान १८ बाइट होतात. ४० बाइटांचा संदेश बहुधा फुगेलच. शे-पाचशे संदेश एकत्र बांधून दाबा. प्रोटोबफ फील्डची (रकान्यांची) नावं गाळतो, छोटे आकडे आखूड लिहितो; पण तोच मार्ग, तोच थांबा प्रत्येक संदेशात पुन्हा येतोच, आणि जीझिपला नेमकं तेच हवं असतं. संदेश सुटेच पाठवणं भाग असेल तर झेडस्टँडर्डला (डेटा दाबणारं दुसरं साधन) जुन्या संदेशांवरून शब्दकोश, म्हणजे वारंवार येणाऱ्या तुकड्यांचा साठा, तयार करायला लावा. तो दोन्ही टोकांना सारखाच हवा, नाहीतर डेटा उलगडणार नाही. एन्क्रिप्शन (डेटा गुप्त रूपात बदलणं) करत असाल तर दाबणं त्याआधी. नंतर दाबलं तर डेटा लहान होत नाही, सीपीयू फुकट जातो.