दूध केंद्राचं ॲप: नेटिव्ह की वेब?

प्रश्न: आमच्या दूध संकलन केंद्रावर रोज दोनशेच्या आसपास उत्पादक दूध घालतात. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) मोबाईलवर नोंदवून ब्लूटूथ प्रिंटरवर मराठी पावती द्यायची आहे, आणि उत्पादकांना आपलं खातं फोनवर दिसायला हवं. एक डेव्हलपर नेटिव्ह ॲपच करा म्हणतो, दुसरा वेब ॲप. कोणाचं ऐकावं?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर: नेटिव्ह ॲप म्हणजे खास त्या फोनसाठी लिहून त्यात बसवलेलं, वेब ॲप म्हणजे लिंकवरून ब्राउझरमध्ये उघडणारं. दोघांचंही ऐका, कारण इथे कामं दोन आहेत. एका ॲपमध्ये दोन्ही कोंबू नका.

उत्पादकांसाठी वेब ॲप करा. त्यांना फक्त पाहायचं असतं: आजचं दूध, दहा दिवसांचं बिल, पशुखाद्याची कपात. त्यासाठी प्रत्येकाला प्ले स्टोअरवर पाठवून अपडेट घ्यायला लावण्याचं कारण नाही. व्हॉट्सॲपवर लिंक गेली की काम झालं. साईट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर ठेवा. सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये पडद्यामागे चालणारा छोटा प्रोग्रॅम) लावून शेवटचं बिल फोनवर साठवलं तर रेंज नसतानाही दिसेल. मात्र ‘ही माहिती अमुक वेळेची’ असं त्यावर ठळक दाखवा, नाहीतर जुना आकडा ताजा समजून केंद्रावर वाद होणार.

नोंद घेणाऱ्या माणसाचं ॲप मात्र नेटिव्ह हवं, आणि त्याचं पहिलं कारण प्रिंटर. ५८ मिमी कागदाचे बरेचसे स्वस्त थर्मल प्रिंटर जुन्या, क्लासिक प्रकारच्या ब्लूटूथवर चालतात. ब्राउझरमधली वेब ब्लूटूथची सोय कमी वीज खाणाऱ्या ‘लो एनर्जी’ प्रकारासाठी आहे, त्यामुळे अशा प्रिंटरशी तिचं जुळत नाही. मराठीचा प्रश्न आणखी वेगळा. या प्रिंटरांत सहसा देवनागरी फॉन्ट नसतो; मजकूर तसाच पाठवला तर कागदावर प्रश्नचिन्हं नाहीतर भलतीच अक्षरं उमटतात. पावतीचं ३८४ ठिपके रुंदीचं काळं-पांढरं चित्र ॲपमध्येच तयार करून ते पाठवावं लागतं. तेही एका दमात नको. प्रिंटरची मेमरी तोकडी असते, ती भरली की अर्ध्या पावतीनंतर कचरा छापला जातो. म्हणून तुकडे करून, मध्ये थोडं थांबत पाठवावं. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथ जोडणीची परवानगी ॲप चालू असताना मागावी लागते. ती मागायची राहिली तर जुन्या फोनवर नीट चालणारं ॲप नव्या फोनवर ‘प्रिंट’ दाबताच बंद पडतं.

दुसरं कारण रेंजचं. नोंद आधी फोनमधल्या डेटाबेसमध्ये पक्की व्हावी, पावती निघावी आणि मग सवडीने सर्व्हरवर जावी. इथे एक चूक फार होते. नोंद सर्व्हरवर पोचते, पण ‘मिळाली’ हा निरोप परत येताना नेट जातं. फोन तीच नोंद पुन्हा पाठवतो आणि उत्पादकाच्या खात्यात सकाळचं दूध दोनदा जमा होतं. त्यामुळे प्रत्येक नोंदीला फोनवरच स्वतंत्र क्रमांक द्या आणि तो क्रमांक सर्व्हरने दुसऱ्यांदा स्वीकारू नये अशी अट डेटाबेसमध्येच घाला. केवळ कोडमध्ये तपासणं पुरत नाही.

दरपत्रक सर्व्हरवर ठेवा, फोन ते उतरवून घेईल. दर बदलला म्हणून ॲपची नवी आवृत्ती काढायची वेळ येऊ नये. आणि पैशांचं बोलणं पक्कं करण्याआधी डेव्हलपरकडून तुमच्याच प्रिंटरवर एक पूर्ण मराठी पावती काढून घ्या, जोडाक्षरांसकट. ती निघाली की बाकीचं काम सोपं आहे.

प्रश्न: आमचं वेब ॲप बबलरॅप (वेब ॲपला अँड्रॉइड ॲपचं रूप देणारं साधन) वापरून प्ले स्टोअरवर टाकलं. डेव्हलपरच्या फोनवर ते पूर्ण पडदाभर दिसतं, पण स्टोअरवरून घेतलं की वर वेबसाईटच्या पत्त्याची पट्टी येते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ॲपवरची डिजिटल सही वेबसाईटवरच्या नोंदीशी जुळत नाही, म्हणून पट्टी येते. तुम्ही चढवलेल्या ॲपवर गूगल आपल्या चावीने पुन्हा सही करतं, आणि तुमच्या असेटलिंक्स फाईलमध्ये (हे ॲप आपलंच, असं सांगणारी वेबसाईटवरची फाईल) बहुधा फक्त तुमच्या चावीचा ठसा आहे. प्ले कन्सोलमध्ये ॲप सायनिंगच्या पानावरून गूगलच्या चावीचा एसएचए-२५६ ठसा घेऊन फाईलमध्ये घाला, जुनाही राहू द्या. ती फाईल दुसऱ्या पत्त्याकडे न वळता थेट उघडली पाहिजे. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला पत्ता वेगळे धरले जातात. मग फोनवरून ॲप काढून पुन्हा टाका. ॲपलच्या स्टोअरवर हीच युक्ती चालेल असं धरू नका. नुसती वेबसाईट गुंडाळलेली ॲप्स तिथे किमान उपयुक्ततेच्या नियमावर नाकारली जातात, आणि डेव्हलपर खात्याचे ९९ डॉलर दरवर्षी भरावे लागतात. प्ले स्टोअरचे २५ डॉलर एकदाच.

प्रश्न: आयफोनवर वेब ॲपची नोटिफिकेशन येतच नाहीत. नेटिव्हच करावं लागेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: तेवढ्यासाठी नको. आयओएस १६.४ पासून, म्हणजे मार्च २०२३ पासून ती येतात, पण ॲप होम स्क्रीनवर ठेवलेलं असेल तरच. सफारीत शेअर, मग ‘ॲड टू होम स्क्रीन’, आणि त्या चिन्हावरून उघडून परवानगी द्यायची. पान उघडताक्षणी आपोआप मागितलेली परवानगी तिथे चालत नाही. वापरणाऱ्याने बटण दाबल्यावरच मागा. अँड्रॉइडवर ब्राउझर स्वतः ‘इन्स्टॉल करा’ असं सुचवतो, आयफोनवर तसं होत नाही, म्हणून या पायऱ्या चित्रांसह पहिल्याच पानावर दाखवा.