साधा लाँचर टिकत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा यादीत असतं

तुम्ही लिहिलंय की मिनिमलिस्ट लाँचर, म्हणजे फोनची होम स्क्रीन बदलून अगदी साधी करणारं ॲप, दोनदा बसवून पाहिला आणि दोन्ही वेळा चार दिवसांत जुन्या होम स्क्रीनवर परत आलात. पहिल्यांदा कडेवरून बोट सरकवून मागे जाणं बंद पडलं, दुसऱ्यांदा घाईत हवं ते ॲप सापडेना. आणि आता विचारताय, यातला सगळ्यात चांगला लाँचर कुठला. मी सहा वर्षं असेच लाँचर वापरतोय, चार-पाच बदलून झाले, घरातल्यांच्या फोनवरही बसवून दिले. माझ्या मते तुमचा लाँचर बरोबर होता. होम स्क्रीनवर काय ठेवायचं हे मात्र बसवता बसवता ठरवलं गेलं असावं, आणि तिथेच गाडं अडलं.

म्हणून यावेळी आधी तीन-चार दिवस जुनाच फोन वापरा, फक्त सोबत एक कागद ठेवा. फोन उघडला की कशासाठी उघडला ते दोन शब्दांत लिहायचं. ॲपचं नाव लिहू नका, काम लिहा: 'निरोप पाठवायचा', 'रस्ता बघायचा', 'गजर लावायचा'. काही वेळा लिहायला कामच सापडणार नाही, तिथे नुसती रेघ ओढा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा रेघांची संख्या पाहून हादरलो होतो. त्या रेघा ज्या ॲपमध्ये जाऊन संपतात, ती होम स्क्रीनवर नकोत. एवढं तर कुणीही सांगेल. पण होमवर काय हवं, याची माझी कसोटी जरा वेगळी आहे. समोर कुणीतरी खोळंबलेलं असताना जे ॲप लागतं, ते होमवर. फोन लावणं, कॅमेरा, नकाशा, पैसे देणं, तिकीट दाखवणं. दिवसातून तीसदा उघडलं जाणारं, पण कुणी वाट पाहत नसताना उघडलं जाणारं ॲप आतल्या यादीत गेलं तरी चालतं. तिथे दोन अक्षरं टाइप करायला वेळ असतो. तुम्ही बहुधा सर्वाधिक वापराची ॲप होमवर ठेवलीत आणि घाईची आत गेली. म्हणूनच ऐन वेळी सापडेना.

आता लाँचर. फुकट आणि मुक्त स्रोताचा, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो असा, हवा असेल तर ओलाँचर घ्या. आयकॉन नाहीत, नुसती नावं, आणि होमवर जास्तीत जास्त आठ. मी पाचवर थांबतो. होमवर रिकाम्या जागी बोट दाबून धरलं की सेटिंग्ज उघडतात, वर स्वाइप केलं की सगळ्या ॲपची यादी. डावी-उजवीकडच्या स्वाइपला हवी ती ॲप देता येतात, त्यामुळे घाईची आणखी दोन तिथे बसतात. यादी उघडताच कीबोर्ड यावा, ही सोय चालू ठेवा. टाइप करता करता एकच नाव उरलं की ते ॲप आपोआप उघडतं. टाइप करण्याचा खरा उपयोग हा, की काय हवंय ते आधी मनात यावं लागतं. नुसतं बघत बघत कशावर तरी बोट पडत नाही.

ॲपची नावंच आठवत नसतील तर किस लाँचर बघा. तोही मुक्त स्रोताचा आणि आकाराने अगदी लहान. त्यात ॲपला टॅग देता येतो, म्हणजे कंपनीने काहीही नाव ठेवलेलं असो, तुम्ही आपल्या शब्दाने शोधू शकता. नायगारा दिसायला देखणा आहे, पण त्यातल्या बऱ्याच सोयींना पैसे मोजावे लागतात. आयफोनवर यातलं काहीच चालत नाही, तिथे लाँचर बदलायला परवानगीच नाही.

कडेवरून बोट सरकवण्याचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्यात तुमची काही चूक नाही. अँड्रॉइड ९ पासून अलीकडे उघडलेल्या ॲपची स्क्रीन फोनसोबत आलेल्याच लाँचरकडे असते. अँड्रॉइड १० मध्ये पूर्ण जेश्चर आली, म्हणजे बटणांऐवजी नुसतं बोट सरकवून फोन चालवणं, तीही त्याच लाँचरशी जोडलेली. बाहेरचा लाँचर लावला की काही फोनवर होमला जाताना हलका झटका बसतो, आणि काही कंपन्यांच्या फोनवर जेश्चर बंदच होऊन खालची तीन बटणं येतात. तुमचा फोन या दुसऱ्या प्रकारातला दिसतोय. तसं असेल तर बटणांची आठवडाभरात सवय होते, मला झाली. जुना लाँचर निकामी करायच्या भानगडीत मात्र पडू नका. अलीकडच्या ॲपची ती स्क्रीनच बिघडेल. तो गपचूप मागे राहू द्या. नवा लाँचर कायमचा करायचा तो सेटिंग्जमध्ये ॲप, मग डीफॉल्ट ॲप, मग होम ॲप, या वाटेने.

दोनदा टॅप करून फोन लॉक करायची सोय आकर्षक वाटते, पण ती चालू करण्याआधी नीट वाचा. अँड्रॉइड ९ किंवा पुढच्या फोनवर तिला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी लागते, आणि ही परवानगी मोठी आहे: ती मिळालेलं ॲप तुमची स्क्रीन वाचू शकतं. ज्याचा कोड उघडा आहे अशाच लाँचरला ती द्यावी, असं माझं ठाम मत आहे. बँकेची काही ॲप अशी परवानगी चालू दिसली की उघडायलाच नकार देतात. शिवाय लाँचर ॲपच्या दुकानाबाहेरून फाइल आणून बसवला असेल, तर अँड्रॉइड १३ पासून ही परवानगी अडवलेली दिसते. ॲपच्या माहितीच्या पानावर वरच्या तीन ठिपक्यांत ती मोकळी करता येते. मी स्वतः ही सोय वापरत नाही. बाजूचं बटण आहे की.

होम दाबल्यावर क्षणभर काळी स्क्रीन दिसत असेल तर बहुधा फोन बॅटरी वाचवायला लाँचर बंद करतोय. त्याच्यापुरती बॅटरीची बंधनं काढा.

आणि नोटिफिकेशन. लाँचर ती थांबवत नाही, ती वरून तशीच येत राहतात आणि तुम्ही थेट त्यांच्यातूनच ॲपमध्ये शिरता. मग होम स्क्रीन कितीही साधी असो, तिच्याकडे बघायची वेळच येत नाही. मी अख्खं ॲप गप्प करत नाही. नोटिफिकेशन दाबून धरलं की त्याचा प्रकार दिसतो, अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक प्रकार वेगळा बंद करता येतो. माणसाने पाठवलेला निरोप चालू, ॲपने स्वतःहून काढलेली आठवण बंद. हे एका बैठकीत होत नाही. आलं की तिथल्या तिथे बंद करत जा, पंधरा दिवसांत बराच शांतपणा येतो.

पहिला आठवडा अंगठा जुन्या जागेवर जाऊन रिकाम्या काळ्या स्क्रीनवर आपटेल. तेवढ्यासाठी यादी लगेच बदलू नका. आठव्या दिवशी कागद पुन्हा काढा, आणि घाईत जे खरोखर शोधावं लागलं तेवढंच होमवर आणा. फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती लिहिलीत, तर जेश्चरचं काही करता येतंय का ते बघून सांगतो.