बारावीला गणितात ९४ आहेत. इंजिनिअरिंग सोडून बीएस्सी गणित करू का? घरचे नाही म्हणतात, पुढे काय मिळतं?

कर. पण ९४ आहेत म्हणून नको, त्या ९४ चा आणि डिग्रीच्या गणिताचा फारसा संबंध नाही. (माझ्या वर्गातल्या पोरांएवढं वय असेल तुझं म्हणून अरे-तुरे करतेय.) मला ९६ होते आणि एफवायच्या पहिल्या चाचणीत २० पैकी ७, कारण बारावीपर्यंत आपण लिमिट काढत आलो आणि इथे सर म्हणतात उत्तर शून्य आहे हे मला माहितीय, ते सिद्ध कर, एप्सिलॉन (हवं तेवढं लहान अंतर) मी देतो, एन (कितव्या पदापासून पुढे सगळी त्या अंतरात येतात) तू शोध. क्लासमध्ये कमावलेला सगळा स्पीड तिथे वाया.

पण लिहायला बसले ते "घरचे नाही म्हणतात" वाचून.

एसवायला ग्रुप थिअरी होती, ग्रुप म्हणजे ठरावीक नियमांनी एकमेकांशी गुणता येणाऱ्या गोष्टींचा संच, आणि सबग्रुप म्हणजे त्याच्या आतला छोटा ग्रुप. लॅग्रांजचं थिअरम सगळ्यांना पाठ, सबग्रुपच्या ऑर्डरने (म्हणजे त्यात किती जण आहेत त्या संख्येने) ग्रुपच्या ऑर्डरला भाग जातो. मी पेपरात ते उलटं वापरलं, १२ ला ६ ने भाग जातो म्हणजे ए-फोरमध्ये (चार वस्तूंच्या १२ सम अदलाबदलींचा ग्रुप) ६ चा सबग्रुप असणारच, दिलं ठोकून. सरांनी शून्य दिलं आणि शेजारी लिहिलं, "कुठाय? आणून दाखव." तीन दिवस शोधला, वहीची मागची पानं संपली. चौथ्या दिवशी मामेबहिणीचा साखरपुडा, एसटीत खिडकीशी बसले होते आणि घाटात एकदम दिसलं की तो नाहीच! म्हणजे बघ, ए-फोरमध्ये ८ थ्री-सायकल (तीन वस्तू गोल फिरवणाऱ्या अदलाबदली) आहेत, ६ चा सबग्रुप असता तर त्याचा इंडेक्स २, म्हणजे ग्रुपचा बरोबर अर्धा, मग ग्रुपमधल्या प्रत्येकाचा वर्ग (स्वतःशीच गुणाकार) त्यात यायला पाहिजे, आणि थ्री-सायकल म्हणजे तिच्याच इन्व्हर्सचा (उलट्या फिरवण्याचा) वर्ग, म्हणजे आठही आत आल्या. सहा जागा, आठ जणी. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मला सुचलं होतं, तसा आनंद नंतर पगार हातात आल्यावरही झाला नाही.

साखरपुड्यात मी कोपऱ्यात बसून हे एका पाकिटावर नीट लिहून काढत होते. मामांनी विचारलं काय चाललंय. म्हटलं, एक गोष्ट नाहीये हे सिद्ध करतेय. मामा म्हणाले, "नाहीच आहे तर सिद्ध काय करायचं? अशाने मास्तरीण होशील फक्त." चारचौघांत. सगळे हसले, बाबा पण.

त्याच वर्षी मे महिन्यातल्या एमटीटीएसला माझी निवड झाली. १९९३ पासून चालतं ते, गणिताच्या मुलांसाठी चार आठवड्यांचं शिबिर, तिथे फळ्यावरचं उतरवून घ्यायचं नसतं, प्रश्नांवर प्रश्न विचारून थिअरम तुमच्याकडूनच काढून घेतात. आणि त्याच मे महिन्यात त्या बहिणीचं लग्न. मामांनी बाबांना फोन केला, घरात कार्य असताना पोरगी महिनाभर कुठे पाठवताय. नाही गेले. लग्नात मी अक्षता वाटल्या.

आता "काय मिळतं" याचं. एमएस्सी आयआयटीतून करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा, त्यात अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा, ग्रुप, डिफरन्शियल इक्वेशन, म्हणजे डिग्रीचाच अभ्यास, फक्त समजून केलेला. प्राध्यापकीला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. माझ्या बॅचचे दोघे सॉफ्टवेअरमध्ये आहेत, एक जण अ‍ॅक्चुअरीचे पेपर देतोय, म्हणजे विम्यातल्या जोखमीचं गणित. मी एमएस्सी बीएड करून ज्युनिअर कॉलेजला शिकवते. झाले मास्तरीण, मामांचं खरं झालं, मग? मामांच्या नातवाची परीक्षा आली की रविवारी माझ्याच दारात स्कूटर लागते.

हे पण सांगायला हवं की कायम व्हायच्या आधी ३ वर्षं तासिका तत्त्वावर काढली, सुट्टीत पगार शून्य, आणि घरात ताबडतोब कमावणारं माणूस हवं असेल तर माझं ऐकू नकोस, घरच्यांचं ऐक. कॉलेजही बघून घे, बऱ्याच ठिकाणी नोट्स डिक्टेट करतात आणि प्रूफ स्वतःच्या पद्धतीने लिहिलं की मार्क कापतात, तिथे तीन वर्षं काढून काही होत नाही. आणि थोडं पायथन शीक, मी नाही शिकले.

पण एसवायला गेलं की एमटीटीएसचा फॉर्म भरायचाच. मे महिन्यात घरात लग्न निघालं तर आहेर पाठवून दे.