साडेसहाची भूक आणि मसाल्याची पुडी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी डोंबिवलीला राहते, ऑफिस कुर्ल्याला, घरी यायला पावणेआठ होतात. मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ७. दोघं साडेसहाला क्लासवरून येतात, आणि आल्या आल्या भूक भूक करतात. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ उभं राहवत नाही, मग त्या नूडल्सचं पाकीट करून देतात, नाहीतर क्रीमची बिस्किटं. मी येऊन पोळी-भाजी-आमटी करते तर दोघं ताटात चिवडत बसतात. गेल्या महिन्यात चिडून मी सगळी पाकिटं कचऱ्यात टाकली, चार दिवस घरात युद्ध, पाचव्या दिवशी मुलगा मित्राकडे जाऊन तेच खाऊन आला. मिस्टर म्हणतात एवढं टेन्शन कशाला घेतेस, ऑर्डर करू. माझ्या स्वयंपाकात काय कमी आहे?

उत्तर : अहो, तुमच्या स्वयंपाकात काही कमी नाहीये, मुलांना भूकच नाहीये! साडेसहाला नूडल्स, वर दोन बिस्किटं, आणि साडेआठला तुम्ही दोडक्याची भाजी पुढे ठेवता, तिथे माझीही आई आली तरी हरेल. तुम्ही रात्रीच्या जेवणाशी भांडताय आणि खरा घोळ आहे त्या साडेसहाच्या अर्ध्या तासात, तेवढा सांभाळा, दोडक्याचं नंतर बघू.

आधी एक सांगते, पाकीट म्हटलं की सगळंच वाईट असं नसतं, पोहे पाकिटातच येतात, रवा, पिशवीतलं दही, फ्रोझन मटार, यांनी काही बिघडत नाही. ब्राझीलमधे साओ पावलो विद्यापीठातले कार्लोस मोन्तेरो यांनी २००९ मधे एक वेगळाच विचार मांडला, की पदार्थात काय आहे याच्याइतकंच त्याच्यावर कारखान्यात काय काय झालंय तेही बघा. त्यावरून त्यांनी चार गट केले, शेवटचा म्हणजे अल्ट्रा-प्रोसेस्ड, ज्यात फ्लेवर, रंग, इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) असलं काहीतरी असतं जे आपल्या कुणाच्या फडताळात नसतं. मग २०१९ मधे अमेरिकेत केविन हॉल या संशोधकाने २० माणसांना चार आठवडे एका जागी ठेवून घेतलं, दोन आठवडे असलं खाणं, दोन आठवडे साधं, दोन्हीकडे वाढलेल्या कॅलरी, साखर, मीठ, फायबर सारखंच आणि हवं तेवढं खा. तर पाकीटवाल्या खाण्यावर माणसं दिवसाला साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती, म्हणजे आपल्या चारपाच पोळ्या! शिवाय भराभर खात होती. मऊ असतं ना ते, चावावं लागत नाही, पोट भरलं हे कळेपर्यंत बशी रिकामी.

आता साडेसहाचं. सासूबाईंना गॅसपाशी उभं करायचं नाही, आणि १२ वर्षांचा मुलगा घरात आहे हे विसरू नका. पातळ पोहे, बारीक चिरलेला कांदा, दोन चमचे मेतकूट, तिखट, मीठ, कच्चं तेल, हाताने कालवायचं, झालं, गॅस पेटवायचाच नाही. माझा भाचा तर त्यात वरून शेंगदाणे आणि कैरी घालून आख्खं ताट एकटा संपवतो (आणि मेतकूट सांडतो सगळीकडे, ते असो). सकाळी कुकर लावताच आहात तर एका भांड्यात भिजवलेले हरभरे किंवा दोन रताळी टाका. सकाळची पोळी, तूप, शेंगदाण्याची चटणी, गुंडाळी करून डब्यात. सासूबाईंनी बसल्या बसल्या फक्त हातात द्यायचं. आणि प्रमाण बेताचं ठेवा, वाटीभर, परातभर नाही, नाहीतर साडेआठला पुन्हा तेच.

मिस्टरांनाही काम आहे. रविवारी भाजणी भाजायला त्यांना उभं करा. ज्वारी दोन वाट्या, बाजरी एक, तांदूळ एक, हरभऱ्याची डाळ एक, उडीद अर्धी, गहू अर्धी, मूठभर धणे, चमचाभर जिरं. प्रत्येक धान्य वेगळं आणि मंद आचेवर भाजायचं, सगळं एकदम कढईत ओतलं की जिरं जळतं आणि ज्वारी कच्ची राहते. पुरुषमाणसं इथेच घाई करतात. गार झालं की गिरणीत जरा जाडसर दळून आणायचं, गिरणीतही त्यांनीच जायचं. मग सुट्टीच्या दिवशी थालीपीठ. तव्याला तेल लावून गार तव्यावरच थापायचं, मधे भोक, भोकात तेल, वर झाकण. दुसऱ्या थालीपिठाला तवा गार करायला नळाखाली पालथा धरावा लागतो, चर्रर्र आवाज येतो, मुलांना तेवढ्यासाठी स्वयंपाकघरात यायचं असतं. नाहीतर सरळ ओल्या फडक्यावर थापा.

नूडल्स कायमची बंद करू नका, मित्राचं घर आहेच. महिन्यातून दोनदा ठेवा, त्यात गाजर-मटार ढकला आणि ती मसाल्याची पुडी अर्धीच घाला. पाकिटामागे सोडियमचा आकडा असतो तो मुलाला वाचायला लावा, त्याला अडीचने गुणायचं, ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत राहावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तो तर अजून लहान आहे. १२ वर्षांच्या पोराला आईच्या ओरडण्यापेक्षा असला हिशोब जास्त पटतो. हां, मग पापड-लोणच्याचाही हिशोब तो तुमच्यासमोर मांडेल, त्याची तयारी ठेवा, घरचं आहे म्हणून मीठ काही कमी होत नाही.

प्रश्न : मी नाशिकचा, ८ वर्षांच्या मुलीचा बाबा. दुधात चॉकलेटची पावडर घातल्याशिवाय ती दूध पीत नाही. डब्यावर तर ताकद, उंची सगळं लिहिलेलं असतं. चालेल ना?

उत्तर : डब्याची पुढची बाजू वाचू नका हो, मागची वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, साखर पहिल्या-दुसऱ्या नंबरवर दिसली की समजून जा. एप्रिल २०२४ मधे केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली दाखवू नका, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी व्याख्याच नाही. एकदम बंद केलंत तर मुलगी दूधच सोडेल, म्हणून दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. मधल्या काळात नाचणीचं सत्त्व करून बघा, दुधात शिजवून, थोडा गूळ, वेलची, पण गूळ गॅस बंद करून जरा कोमट झाल्यावर घाला, उकळत्यात घातलात तर दूध नासेल आणि खापर माझ्यावर फुटेल. आणि नाहीच प्यायली तर दही-भात खाते का विचारा.