फोटो कापायचा कुणी, तुम्ही की लॅबवाल्याने?

दिवाळी झाली, लग्नसराई तोंडावर आलीय, आणि यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न एकच, मोबाईलमध्ये झकास दिसणारा फोटो कागदावर आला की त्याचं काय होतं? म्हणून या अंकात कॅमेरा कुठला घ्यावा वगैरे बाजूला ठेवून फक्त प्रिंटचे प्रश्न घेतलेत.

प्रश्न : गणपतीतले फोटो ४×६ मध्ये काढून आणले, भरपूर होते. बऱ्याच उभ्या फोटोंत बाप्पाचा मुकुट वरून कापला गेलाय, खाली पाटही गायब. मोबाईलवर सगळं पूर्ण दिसतं. लॅबवाला म्हणतो फोटोच तसे आहेत. चूक कुणाची? (पुण्याहून एक ताई)

उत्तर : ताई, लॅबवाल्याशी भांडू नका, पण त्याने आधी विचारायला हवं होतं हे मात्र खरं. झालंय असं की तुमच्या फोटोचा आकार आणि कागदाचा आकार जुळतच नाही. ४×६ कागद म्हणजे दोनास तीन, हे प्रमाण जुन्या रोलच्या फिल्मचं, ३६ बाय २४ मिलिमीटर, डीएसएलआरमध्येही तेच राहिलं. मोबाईल साधारणपणे चारास तीन काढतो. आणि तुमचे फोटो मला वाटतं कॅमेऱ्यात ‘फुल’ मोड लावून काढलेत, म्हणजे अख्खी स्क्रीन भरते तो. दिसायला भारी, प्रिंटला वैरी.

हिशोब बघा. फुल मोडचा उभा फोटो नवीन लांबट फोनवर साधारण १८०० बाय ४००० पिक्सेलचा येतो. १८०० रुंदी पूर्ण ठेवून दोनास तीन करायचं तर उंची फक्त २७०० लागते, म्हणजे १३०० पिक्सेल गेले, जवळजवळ एक तृतीयांश फोटो! मशीन मधोमध कापतं, अर्धं वरून अर्धं खालून, त्याला मुकुट कळत नाही की पाट कळत नाही. तोच फोटो साध्या चारास तीन मोडमध्ये असता तर ३००० बाय ४००० आला असता, त्यातून बाजूचेच ३३३ पिक्सेल गेले असते, मुकुटाला धक्काही नाही.

तर पुढच्या वेळी मोबाईलच्या सेटिंगमध्ये ४:३ ठेवा आणि वर थोडी जागा सोडून काढा. आत्ता जे आहेत ते गॅलरीतच क्रॉपमध्ये जाऊन २:३ प्रमाण लॉक करा आणि चौकट स्वतः सरकवा, मुकुट ठेवायचा की पाट हे तुम्ही ठरवा. दोन्ही हवं असेल तर लॅबवाल्याला ‘फिल’ (कागद भरेपर्यंत कापणं) नको, ‘फिट’ (पूर्ण फोटो मावणं) कर म्हणा, बाजूंना पांढऱ्या पट्ट्या येतील, आल्या तर आल्या. चारास तीन फोटो असतील तर अजून सोपं, ६×८ मध्ये काढा, तो कागदच चारास तीन आहे, काही कापावंच लागत नाही. आणि हो, बॉर्डर नसलेल्या प्रिंटमध्ये मशीन चारी कडांनी एकदोन मिलिमीटर खातंच, त्यामुळे अगदी काठावर कुणाचा हात, कान ठेवू नका.

प्रश्न : माझ्या डीएसएलआरचा फोटो कॉम्प्युटरवर ७२ डीपीआय दाखवतो. लॅबने ३०० मागितलं. मित्राने फोटोशॉपमध्ये ३०० करून दिलं तर फाइल एवढी मोठी झाली की पेनड्राइव्हवर घ्यायला वेळ लागला. क्वालिटी वाढली का? (नाशिकचा एक कॉलेजकुमार)

उत्तर : नाही वाढली, उलट मित्राने नसतं काम वाढवलं. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके, आणि तो ७२ चा आकडा फाइलवर चिकटवलेली नुसती चिठ्ठी आहे. साखरेच्या डब्यावर तांदूळ लिहिलं म्हणून साखरेचा भात होत नाही. खरा माल म्हणजे पिक्सेल. तुझा फोटो ६००० बाय ४००० असेल तर ७२ ने भागलं की ८३ इंच येतात, ३०० ने भागलं की २० इंच, फोटो तोच. मित्राने ३०० टाकताना ‘रीसॅम्पल’ची खूण तशीच ठेवली असणार, त्यामुळे फोटोशॉपने ८३ इंच कायम धरले आणि मधले पिक्सेल मनाने भरले, प्रत्येक बाजू चौपटीहून जास्त, एकूण पिक्सेल सतरा पट. ती खूण काढ, मग ३०० टाक, फाइल जेवढीच्या तेवढी राहील. गिंप हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरत असशील तर तिथे ‘प्रिंट साइज’ने फक्त चिठ्ठी बदलते आणि ‘स्केल इमेज’ने खरे पिक्सेल बदलतात, दोन्हीत गल्लत करू नकोस.

लक्षात ठेवायचं एकच, इंच गुणिले ३००. ४×६ ला १२०० बाय १८००, ८×१२ ला २४०० बाय ३६००, १२×१८ ला ३६०० बाय ५४००. हातात धरून बघायच्या फोटोला हे उत्तम, २०० आलं तरी बहुतेकांना फरक कळत नाही, भिंतीवरच्याला १५० सुद्धा चालून जातं. तुझ्या फोटोला १२×१८ पर्यंत एक पिक्सेलही वाढवायची गरज नाही. ८×१० मात्र जपून, ते प्रमाण पाचास चार आहे, तिथे तुझ्या फोटोच्या लांबीतून एक षष्ठांश जातो, ग्रुप फोटो असेल तर कडेचा माणूस गेलाच समज.

प्रश्न : आजोबा गेल्या महिन्यात गेले. त्यांचा एकट्याचा चांगला फोटो कुणाकडेच नाही. चुलतबहिणीच्या लग्नातला एक ग्रुप फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, त्यात छान हसतायत. त्यातून कापून १२×१५ ची फ्रेम करायची आहे. स्टुडिओवाला म्हणतो फाटेल. काही मार्ग आहे का? (सांगलीहून एक नात)

उत्तर : स्टुडिओवाला खरं बोलतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलवर आणून ठेवला जातो. वीसेक माणसांच्या ग्रुपमध्ये आजोबा छातीपर्यंत धरले तरी जेमतेम १८० बाय २२० पिक्सेलचे असतील, ते १५ इंचावर ताणले तर इंचाला १५ पिक्सेल, चेहऱ्याच्या जागी चौकोन दिसतील, यालाच तो ‘फाटेल’ म्हणतो.

म्हणून पहिलं काम, तो फोटो मुळात कुणाच्या मोबाईलवर काढला ते शोधा आणि तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे जसाच्या तसा येतो. पण खरं सांगायचं तर मूळ फोटोतही आजोबा ४५० बाय ५५० च्या आसपासच निघतील, त्यात ४×५ बरा येईल, त्याच्यापुढे नाही. त्यापेक्षा लग्नाचा फोटोग्राफर गाठा. अल्बममध्ये न लागलेले फोटोसुद्धा अनेकांच्या हार्ड डिस्कवर असतात. स्टेजवर आशीर्वाद द्यायला आजोबा गेलेच असतील ना, तिथे मोजकीच माणसं असतात, त्यामुळे चेहरा मोठा मिळतो. तसा फोटो मिळाला तर तुमचं काम झालंच.

दुसरी जागा म्हणजे घरातली कागदपत्रं. आजोबा नोकरीत होते का? पेन्शनच्या कागदावर आजी-आजोबांचा जोडीचा फोटो असतो. बँकेचं जुनं पासबुक, ट्रंकेतला पुठ्ठ्यावर चिकटवलेला कृष्णधवल स्टुडिओ फोटो, सगळं काढा. मिळेल तो स्कॅन करा, मोबाईलने फोटोचा फोटो काढू नका. पोस्टकार्डाएवढा असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन केला की दुप्पट मोठा आरामात होतो. पासपोर्ट साइजचा असेल तरी ६०० च पुरे, त्याच्यावर गेलात तर बहुतेक वेळा कागदाचा खरखरीतपणाच मोठा होतो, चेहरा नाही. जुना फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा.

आता १२×१५ चं. फ्रेम तेवढी ठेवा, फोटो ८×१० चा लावा आणि चारी बाजूंनी दोन-अडीच इंचाचं पांढरं किंवा फिकट माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घाला. भिंतीवर फ्रेम भरदार दिसते आणि सहा-सात फुटांवरून बघताना इंचाला ८०-९० पिक्सेल असले तरी डोळ्याला खटकत नाही. कागद ग्लॉसी नको, मॅट घ्या, त्यावर मऊपणा खपून जातो. क्रॉप करताना डोक्यावर भरपूर जागा सोडा, कारण माउंट कडेचा पाव इंच तरी झाकतं आणि वर हार येणार, तो नेमका कपाळावर येतो आणि टोपी दिसेनाशी होते.

आणि ते फुकटचे ‘एआय’ने फोटो सुधारून देणारे अ‍ॅप, त्यांच्यापासून या कामात तरी लांब राहा. देवळाचा, डोंगराचा फोटो असेल तर ठीक आहे. चेहऱ्यात ते नसलेले डोळे, नसलेले दात भरतात. गुळगुळीत, सुंदर, आणि आजी म्हणेल हे कोण?

प्रश्न : बँक परीक्षेच्या फॉर्मसाठी बारीक केलेला फोटो आहे, त्याचेच पासपोर्ट साइज प्रिंट काढले तर अंधुक आले. का? (लातूर)

उत्तर : कारण तो २०० बाय २३० चा केला असणार, फॉर्मला तेवढाच लागतो. साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरच्या चांगल्या प्रिंटला ४१३ बाय ५३१ लागतात. स्टुडिओकडून मूळ मोठी फाइल मागून घ्या, पैसे दिलेत, हक्काची आहे. आणि बारीक करताना नेहमी वेगळ्या नावाने सेव्ह करा.

प्रश्न : भावाच्या वाढदिवसाचा १०×८ फुटाचा फ्लेक्स करायचाय, मोबाईलचा फोटो चालेल का? (बारामतीजवळून एक कार्यकर्ता)

उत्तर : चालेल हो, मस्त चालेल. ४००० पिक्सेल भागिले १२० इंच म्हणजे इंचाला ३३ पिक्सेल, आणि दहा फुटांवरून बघणाऱ्याच्या डोळ्याला तीसेक पुरतात. ३०० डीपीआयचा हट्ट फ्लेक्सवाल्याकडे धरू नका, तो हसेल. फक्त भाऊ फोटोत एकटा आणि मोठा हवा, झूम करून काढलेला नको, मोबाईलचा नुसता बोटांनी ताणलेला झूम म्हणजे आधीच केलेलं क्रॉप असतं. खालच्या शुभेच्छुकांचे ते टिकलीएवढे चेहरे मात्र व्हॉट्सअ‍ॅपचे चालतात, ते कोण बघतंय. फ्लेक्सला परवानगी घ्या तेवढी.

प्रश्न : क्रॉप, साइज, रंग, शार्पनेस, काय आधी आणि काय नंतर? आणि प्रिंट नेहमी काळपट का येते? (ठाण्याहून एक हौशी फोटोग्राफर)

उत्तर : आधी कागद ठरवा, मग त्या प्रमाणात क्रॉप, मग रंग-उजेड, मग साइज, आणि शार्पनिंग सगळ्यात शेवटी, कारण साइज बदलली की शार्पनेसही बदलतो. ४×६ साठी केलेलं शार्पनिंग ८×१२ ला वापरलं तर केसांच्या कडेला पांढरी रेघ येते, लग्नाच्या अल्बममध्ये हमखास दिसते. मूळ फाइल जपून ठेवा, जेपेग उघडून परत परत सेव्ह करत बसू नका, प्रत्येक सेव्हला थोडं झिजतं. लॅबला देताना एसआरजीबी (फाइलमधल्या रंगांची नेहमीची पद्धत) आणि जास्तीत जास्त क्वालिटीचं जेपेग द्या, अ‍ॅडोब आरजीबी या दुसऱ्या पद्धतीची फाइल साध्या लॅबमध्ये गेली की शालू मळकट येतो. आयफोनवाल्यांनी एचईआयसी (आयफोनचा फोटो साठवायचा प्रकार) नेऊ नये, बऱ्याच लॅबमध्ये उघडत नाही.

काळपटपणाचं कारण बहुतेक वेळा तुमची स्क्रीन. ती आतून उजळलेली असते, ब्राइटनेस पूर्ण वर ठेवून फोटो नीट केला की तुम्ही तो नकळत अंधारा ठेवता, कागदाला स्वतःचा उजेड नसतो. ब्राइटनेस निम्म्यावर आणून काम करा. मोठी ऑर्डर देण्याआधी त्यातलेच दोन-तीन फोटो, एक उन्हातला, एक हॉलमधला, ४×६ मध्ये काढून खिडकीजवळ धरून बघा, आणि लॅबमध्ये ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर तुमची दुरुस्ती वेगळी आणि मशीनची वेगळी, दोन्ही एकावर एक चढतात.