जपानी दाखल्यावरचं ‘वर्ष २’ आणि कुठेच नसलेली राजमुद्रा

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनी जखम ठसठसली. मुलगी योकोहामात जन्मलेली, हातात वॉर्ड ऑफिसचा जन्मनोंदीचा दाखला, त्यावर वर्ष ‘३’, खाली लाल चौकोनी शिक्का, आणि इथला कारकून म्हणतो की जपान सरकारची राजमुद्रा असलेला कागद आणा. तुम्ही विचारलंय की सम्राटांच्या शेवंतीच्या फुलाचा शिक्का असलेली प्रत कुठे मिळते. कुठेच मिळत नाही, तसा जन्मदाखला नसतोच. पण शिक्क्याचं नंतर. आधी वर्षाचं बघा, कारण माझे पाच महिने मुख्यतः तिथेच गेले.

आमचा मुलगा ऑक्टोबर २०२० मध्ये तोक्योत झाला. चौदा दिवसांत नोंदवावं लागतं, आम्ही नवव्या दिवशी नोंदवलं. दूतावास, पासपोर्ट, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय जोडतं ते प्रमाणपत्र) हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. घोळ झाला भाषांतरात. ते मी स्वतः केलं. जपानीची एन-३ परीक्षा पास झालो होतो ना, त्याचा माज. मुलाची जन्मतारीख पाठच, ती बरोबर लिहिली. खाली आणखी दोन तारखा होत्या, नोंद स्वीकारल्याची आणि दाखला दिल्याची. दोन्हीकडे ‘रेइवा २’. (जपानात वर्षं सम्राटाच्या काळाच्या नावाने मोजतात, सध्याच्या काळाचं नाव रेइवा.) रेइवा सुरू झालं २०१९ मध्ये, म्हणून २०१९ अधिक २, म्हणजे २०२१. लिहून मोकळा झालो. बायकोने वाचलं, मित्राने वाचलं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

चूक कुठे, तर जपानी कालगणनेत शून्य वर्ष नसतं. सम्राट बदलून काळाचं नवं नाव लागू झालं की त्या दिवसापासून वर्ष पहिलं, त्याला ‘गान्नेन’ म्हणतात, आणि पुढच्या १ जानेवारीला दुसरं लागतं. म्हणून रेइवाच्या आकड्यात २०१९ नाही, २०१८ मिळवायचे. आधीचा हेइसेइ काळ असेल तर १९८८, त्याआधीचा शोवा असेल तर १९२५. तुमचं ‘३’ म्हणजे २०२१. आपल्या डोक्यात बाळाचं वय असतं, पहिला वाढदिवस झाला की एक पूर्ण. तिथे मोजणी तशी नाही. शोवाचं ६४वं वर्ष तर जेमतेम सात दिवसांचं होतं, ७ जानेवारी १९८९ला सम्राट हिरोहितो गेले आणि ८ तारखेपासून हेइसेइचं पहिलं वर्ष.

(आपल्यालाही हा प्रकार अगदी परका नाही. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला, जुन्या मराठी कागदांवर तो दिसतो. फरक एवढाच की तो शक पुढच्या राजांच्या काळातही तसाच चालू राहिला. जपानात मेइजी काळापासून, म्हणजे १८६८पासून, एक सम्राट, एक नाव, आणि प्रत्येक वेळी पुन्हा एकपासून मोजणी.)

आता कारकुनाचं. कार्यालयाचं नाव घेत नाही, शहरही सांगत नाही. खिडकीपलीकडच्या बाईंनी मुलाचा पासपोर्ट आणि माझं भाषांतर शेजारी शेजारी ठेवलं, पेनाचं टोपण एका तारखेवर टेकवलं, मग दुसऱ्या. “पासपोर्ट डिसेंबर २०२०चा. जन्माची नोंद ऑक्टोबर २०२१ची. नोंद व्हायच्या आधी पासपोर्ट निघाला कसा?” मला घाम फुटला. खरं सांगायचं तर बाई शंभर टक्के बरोबर होत्या. माझ्या कागदाप्रमाणे आम्ही वर्षभर उशिरा नोंद केली होती, आणि आपल्याकडे वर्षानंतरच्या नोंदीचं काय लचांड असतं ते वेगळं सांगायला नको.

इथवर दोष माझा. पुढचं मात्र त्या कार्यालयाचं. आठवड्याने दुरुस्त भाषांतर नेलं, तर म्हणाले, आता एकाच कागदाची दोन भाषांतरं झाली, खरं कुठलं? २०१८चं गणित समजावलं, तर साहेब म्हणाले, असं गणित चालत नाही, जपान सरकारचं पत्र आणा. मग मूळ दाखला हातात घेऊन उलटसुलट केला आणि तुमच्याच कारकुनाचं वाक्य ऐकवलं, “यावर राजमुद्रा कुठाय?” पाच खेपा. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. दूतावासाचा जन्मनोंदीचा दाखलाही फाईलला होता, त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. असो. लिहितानासुद्धा डोकं तापतं.

तर राजमुद्रा. आपल्याकडे सारनाथचे सिंह सगळीकडे, म्हणून तिथेही तसं काहीतरी असणारच असं आपण धरून चालतो. जपानात राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा कायदा १९९९ मध्ये झाला, पण राजचिन्ह ठरवणारा कायदाच नाही. सोळा पाकळ्यांची शेवंती हे सम्राटांच्या घराण्याचं चिन्ह, पाकळ्यांचे दोन थर असलेलं. जपानी पासपोर्टवर दिसते ती त्याचीच एकेरी पाकळ्यांची आवृत्ती. सरकारचं, म्हणजे पंतप्रधान ज्या स्टँडमागे उभे राहून बोलतात त्यावरचं चिन्ह वेगळं, ते किरी नावाच्या झाडाची पानंफुलं. घरात ५०० येनचं नाणं उरलं असेल तर बघा, त्यावर किरीच आहे. आणि जन्मनोंद हे काम यातल्या कुणाचंच नाही, ते नगरपालिकेचं. दाखल्यावरचा लाल चौकोन हा महापौराचा किंवा वॉर्डप्रमुखाचा अधिकृत शिक्का असतो, तिथे तोच सरकारी पुरावा.

सम्राटांचे शिक्के असतात, नाही असं नाही. दोन आहेत, दोन्ही सोन्याचे, १८७४ साली घडवलेले. एक कायदे आणि नेमणुकांच्या कागदांवर उमटतो, दुसरा आता फक्त सन्मानपत्रांवर. म्हणजे मुलीला मोठेपणी जपान सरकारचा पुरस्कार मिळाला तर तो शिक्का घरात येईल, तोवर नाही. १९४७च्या संविधानाप्रमाणे सम्राट हे राष्ट्राचं प्रतीक, राज्यकारभाराचा अधिकार त्यांना शून्य. वर्षाचं नावसुद्धा ते ठरवत नाहीत, १९७९च्या कायद्याने ते मंत्रिमंडळाचं काम आहे. हे सगळं मी त्या साहेबांना सांगितलं होतं. काही उपयोग झाला नाही, तुम्ही सांगू नका.

एक गंमत मात्र सांगतोच. जपानी माणसाचं सगळं कुटुंब ‘कोसेकी’ नावाच्या नोंदवहीत असतं. आपण परदेशी, म्हणून आपल्याला कोसेकी नाही, आणि म्हणूनच आपल्या मुलांना नुसता ‘नोंद स्वीकारली’ असा दाखला मिळतो. सम्राटांच्या कुटुंबालाही कोसेकी नाही, आडनावही नाही, त्यांची नोंद वेगळ्या वंशावळीत ठेवतात. एवढ्यापुरते आपण आणि ते एका पंगतीत.

माझं प्रकरण सुटलं ते असं. तोक्योतल्या मित्राला अधिकारपत्र पाठवलं, त्याने वॉर्ड ऑफिसमधून ३५० येन भरून दाखल्याची ताजी प्रत काढली आणि तिच्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल घेतलं. त्याला फी नाही, पण दाखला तीन महिन्यांच्या आतला लागतो. राजमुद्रेची मागणी त्या अपोस्टिलनेच थांबली, इंग्रजी मजकूर आणि मंत्रालयाचं नाव दिसलं की लोक गप्प बसतात. भाषांतर या वेळी व्यावसायिक माणसाकडून, आणि त्याला बजावून सांगितलं की प्रत्येक तारखेला ‘रेइवा २ (इ.स. २०२०)’ असं दोन्ही लिही. माझं ठाम मत, पहिलं भाषांतर स्वतः करू नका, जपानी कितीही येत असो. आपलं रेसिडेन्स कार्ड इसवी सनात असतं, त्यामुळे वर्षानुवर्षं राहूनही या मोजणीचा हात बसत नाही. मी वकील नाही, नियम बदलतात, आणि तुमच्या कार्यालयाला आणखी तिसरंच काही हवं असू शकतं, हे धरून चाला.

जाता जाता, तुम्ही प्रश्नाच्या दुसऱ्या ओळीत विचारलेल्या जपानी ड्रायव्हिंग लायसन्सबद्दल. त्यावर ‘हेइसेइ ३४पर्यंत वैध’ छापलंय आणि हेइसेइ तर ३१लाच संपलं, म्हणून ते बनावट ठरत नाही. नाव बदलायच्या आधी छापलेली अशी लायसन्सं ढिगाने होती. १९८८ मिळवा, २०२२ येतं. म्हणजे अस्सल आहे, फक्त मुदत संपलीय.

आणि तुमच्यासाठी कुणी वॉर्ड ऑफिसात जाणारच असेल तर दाखल्याच्या दोन-तीन प्रती जास्तच काढायला सांगा. परदेशी लोकांच्या जन्मनोंदीचे मूळ कागद ते दहा वर्षंच ठेवतात. तुमच्या मुलीचे २०३१च्या सुमाराला जातील, त्यांच्या भाषेत रेइवा १३. अर्थात तोवर नाव तेच राहिलं तर.